शब्द हरवला तर चालेल, उशीर नको!

ऑफिसातल्या टेबलावरचा फोन दिसायला तसाच आहे. तोच रिसीव्हर, तीच बटणं. मागे डोकावलं तर मात्र टेलिफोनची बारीक वायर जाऊन तिथे कॉम्प्युटर नेटवर्कची जाड केबल आलेली असते. वायर बदलली, तसे आवाजाच्या प्रवासाचे नियमही बदलले. त्यातला मुख्य नियम ऐकून कुणीही चक्रावेल : वाटेत आवाजाचा तुकडा हरवला, तर तो शोधत बसायचं नाही!

जुन्या फोनवर बोलणं संपेपर्यंत दोघांसाठी एक वाट राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. तिथे आवाजाची पाकिटं करून ती गर्दीत सोडून देतात. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि साधारणपणे त्याची ५० पाकिटं बनवतात.

ई-मेलचं पाकीट गहाळ झालं, तर टीसीपी हा नियम ते पुन्हा मागवतो. रजिस्टर पोस्टासारखी पोच मिळाल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. बोलताना हीच शिस्त अंगाशी येते. हरवलेला शब्द परत येईपर्यंत मागचं सगळं बोलणं खोळंबणार! एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो. उशीर फार वाढला की दोघं एकदम बोलतात, मग दोघंही गप्प होतात.

ही अडचण इंटरनेटच्या जन्माआधीच ध्यानात आली होती. अमेरिकेतल्या अर्पानेटवर १९७४ साली डॅनी कोहेन आणि सहकाऱ्यांनी पाकिटांमधून बोलणं करून दाखवलं. 'आवाजाला पोचपावतीची सक्ती नको,' हा कोहेन यांचा आग्रह. पुढे १९८० साली जॉन पोस्टेल यांनी यूडीपी हा नियम लिहून काढला. हा अगदी साध्या पोस्टासारखा! पाकीट पेटीत टाकलं, पोचलं तर पोचलं.

त्यावर १९९६ साली आरटीपी आला. तो प्रत्येक पाकिटावर क्रमांक आणि वेळ घालतो. पलीकडचा फोन क्षणभर थांबून पाकिटं ओळीने लावतो. एखादं आलं नाही, तर आधीच्या आवाजाने ती फट बुजवतो. कानाला पत्ताही लागत नाही. बरीच हरवली, की साहेबांचा आवाज यंत्रमानवासारखा येऊ लागतो.

घंटा वाजवण्याचं काम मात्र एसआयपीचं, म्हणजे १९९९ साली आलेल्या मध्यस्थाचं. तो आमंत्रण धाडतो, 'घंटा वाजतेय' असं कळवतो आणि शेवटी 'बाय' म्हणतो. बोलण्याची पाकिटं त्याच्या हातातून जातीलच असं नाही, त्यांची वाट वेगळी असू शकते. म्हणून तर कधी कधी घंटा नीट वाजते, फोन उचलला जातो, आणि एकालाच ऐकू येतं! दुसरा 'हॅलो, हॅलो' करत बसतो. अशा वेळी फोन आपटण्यात अर्थ नाही. बहुधा ऑफिसच्या राउटरने किंवा फायरवॉलने आवाजाची वाट अडवलेली असते.

मूळ आरटीपीची पाकिटं पोस्टकार्डासारखी उघडी असतात. नेटवर्कमध्ये शिरकाव केलेल्याला त्यातलं बोलणं ऐकता येतं. पगार, आजारपण, बँकेचा खाते क्रमांक, सगळंच! कुलूपबंद प्रकार, एसआरटीपी, २००४ सालीच ठरला, पण बऱ्याच ठिकाणी तो मुद्दाम चालू करावा लागतो.

आणखी एक फरक वीज गेल्यावर कळतो. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून त्याच वायरीने मिळे. घरात अंधार झाला तरी फोन चालू असे. नव्या फोनला वीज ऑफिसातूनच मिळते. दिवे गेले, नेटवर्कचा स्विच बंद पडला, की सगळे फोन एकदम मुके. नेमकी त्याच वेळी कुणाच्या छातीत कळ आली, तर? नवे फोन बसवायला आलेल्या माणसाला चहा देतानाच विचारून घ्यावं : स्विच आणि राउटर, दोन्हींना यूपीएस जोडलाय ना?