चौघांचा प्रभाग आणि एकटा उमेदवार

नवी मुंबई महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृह पुन्हा अस्तित्वात आले, ही समाधानाची गोष्ट होय. आधीच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली साडेपाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. परंतु या समाधानात एक खडा आहे, आणि तो सानपाड्यासारख्या वसाहतीतील सुशिक्षित मतदारांस सर्वांआधी टोचावयास हवा होता.

२०१५ साली या शहरात १११ प्रभाग होते व प्रत्येकाचा एक नगरसेवक होता. २०२६ साली सदस्य १११ च राहिले, प्रभाग मात्र २८ झाले. २७ प्रभागांत चार-चार सदस्य व एकात तीन. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ११ लाख २० हजार लोकसंख्या धरली, तर पूर्वी उमेदवारास दहा हजार लोकांपर्यंत पोहोचावे लागे, आता चाळीस हजारांपर्यंत. ज्याच्या पाठीशी पक्षाचे यंत्र आणि धनिकांची थैली आहे, त्यास हा फरक जाणवणार नाही. पण गावठाणातील गरजेपोटी बांधलेल्या घरांचा किंवा कंत्राटी सफाई कामगारांच्या वेतनाचा प्रश्न घेऊन, नोकरीवरून परतल्यावर दारोदार हिंडणारा जो पुरोगामी कार्यकर्ता, त्याचे भांडवल म्हणजे चार गल्ल्यांतली ओळख. प्रभाग चौपट झाला की ते भांडवल पातळ होते.

गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. पुढे १९७२ साली त्या विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत गेल्या. पण लोकांनी त्यांना दिलेली पदवी 'पाणीवाली बाई' हीच राहिली. समाजवादाची व्याख्या किती जणींना ठाऊक असेल, सांगवत नाही. नळ कोरडा पडला तर हंडा घेऊन कोणाच्या मागे चालावयाचे, हे मात्र ठाऊक होते. पुरोगामी हा शब्द हल्ली फलकावर फार स्वस्त झाला आहे. त्याची आमच्या लेखी कसोटी ही एवढीच.

चौघांच्या प्रभागात हंडा कोणाच्या दारी न्यावयाचा? एक म्हणेल, ते काम दुसऱ्याकडे. दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवील. हा बारभाईचा कारभार होय. अशा प्रभागात राखीव जागांची सोय अधिक सुलभ होते व आरक्षणाच्या फेऱ्यात चांगला सदस्य एकाएकी बेघर होत नाही, हा युक्तिवाद पोकळ नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्याच दिवशी, खाडीपुलापलीकडे मानखुर्दला मतदाराने एका प्रभागासाठी एकच नगरसेवक निवडला, आणि मुंबईच्या २२७ प्रभागांत राखीव जागाही होत्या. मुंबईस जे साधते ते वाशी-सानपाड्यास का साधू नये, याचे उत्तर राज्य सरकारने दिले पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत मतदारांनी स्वस्थ बसावे असे नाही. सानपाड्याच्या गृहनिर्माण संस्थांनी व गावठाणातील रहिवाशांनी एकत्र सभा घेऊन आपल्या सदस्यांस बोलवावे. पाणी, गटारे, शाळा, दवाखाना यांपैकी कोणत्या कामास कोण जबाबदार, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे आणि तो कागद प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावावा. एकसदस्यीय प्रभागाची मागणी करणारा ठराव सभागृहात कोण मांडणार, हेही त्याच सभेत विचारावे.