घराला जाब विचारायचाच

"चांगलं स्मार्ट घर गप्प असतं," असं एका जाणकार गृहस्थांचं ठाम मत आहे. दिवे, पंखे, एसी आपापलं काम करतात, माणसाने कारणं विचारू नयेत. सांगितली तरी कोणी वाचत नाही. आणि यंत्र स्वतः शिकत असल्याने ते बनवणाऱ्यालाही कारण ठाऊक नसतं, असा एकूण युक्तिवाद.

हा शेवटचा मुद्दा निव्वळ धूळफेक आहे. शिकणारी यंत्रं घरात असतात तरी किती? बहुतेक कारभार साध्या नियमांवर चालतो. पहाटे तीनला गेलेली वीज परत येते आणि बेडरूममधले स्मार्ट बल्ब लख्ख पेटतात. घरात कोणी शिरलं की काय, म्हणून सासूबाई दचकून उठतात. यात गूढ कसलं? वीज आली की पेटायचं, असं पुष्कळ बल्बांना कारखान्यातूनच ठरवून दिलेलं असतं आणि अनेकदा ते ॲपमधून बदलता येतं. बाथरूममध्ये स्वस्थ बसलेल्या माणसावर अंधार होतो, कारण तिथल्या पीआयआर सेन्सरला माणूस कळत नाही, उष्णतेची हालचाल तेवढी कळते. 'पाच मिनिटं हालचाल दिसली नाही म्हणून दिवा बंद केला' एवढं कळलं असतं, तर पाचाची पंधरा मिनिटं करून विषय संपला असता. त्याऐवजी इलेक्ट्रिशियन येतो, वायरिंगला दोष देतो आणि पैसे घेऊन जातो. कारण सांगता येत नाही म्हणे! 'होम असिस्टंट' या मुक्त प्रणालीत 2021 पासून नियम कशाने सुरू झाला आणि कोणत्या अटीवर अडला, हे पायरीपायरीने दिसतं.

कोणी वाचत नाही? वीजबिलही रोज कोणी वाचत नाही. आकडा फुगला की सगळे वाचतात.

कारण विचारू नये, हा सूर जुनाच आहे. कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा 'सिस्टीम घेत नाही' एवढंच सांगून माणसांना खिडकीवरून परत पाठवत. कारण विचारणारा तेव्हाही अडाणी ठरायचा.

माझी मागणी साधी आहे. विचारलं की घराने मराठीत सांगावं: कोणता नियम, कोणता सेन्सर, नियम कोणी लावला. अपेक्षित गोष्ट घडली नाही, तर का नाही, तेही. आणि हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला मिळावं. आज सगळी माहिती ज्याच्या फोनमध्ये ॲप आहे त्याच्याकडे, म्हणजे बहुधा ऑफिसात बसलेल्या मुलाकडे असते; दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या सासूबाईंना मात्र बल्ब का पेटला हे विचारायची सोयच नसते.