कांड्या भरलेल्या, आवाज तुटलेला

लखनौच्या एका रुग्णालयात सिस्टर वॉर्डातून लिफ्टकडे चालता चालता, वायफायवर चालणाऱ्या फोनवरून डॉक्टरांना डोस विचारत होत्या. कोपरा वळला आणि आवाज तुटला. "पॉइंट पाँच या पाँच, सर?" त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. फोनवर रेंजच्या कांड्या मात्र भरलेल्या होत्या. दहापट फरकाचा हा प्रश्न रेंजवर सोडून देणे मला मान्य नाही.

अशी तक्रार गेली की कंत्राटदार वायफायचा सिग्नल देणाऱ्या ॲक्सेस पॉइंटची पॉवर पूर्ण वाढवतो. नेमके इथेच बिघडते. पॉइंटचा सिग्नल फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा दुबळा सिग्नल परत पोचत नाही. शिवाय लांबच्या पॉइंटचीही रेंज दिसत राहिल्याने फोन त्यालाच चिकटून बसतो. पॉवर कमी करावी, पॉइंट वाढवावेत आणि फोन चालेल तिथे सिग्नल उणे 67 डीबीएमच्या खाली जाऊ देऊ नये, हाच खरा उपाय आहे.

लखनौत तर हे जास्तच लागू. भातखंड्यांनी 1926 मध्ये जिथे संगीत महाविद्यालय उभे केले, त्या कैसरबागेत आणि चौकात लाखौरी विटांच्या, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती आजही उभ्या आहेत. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीपुढे लवकर दमतात. तिथे गल्लीत एक पॉइंट टांगून चार खोल्या भागवू नयेत.

व्हिडिओ थोडा साठवून दाखवता येतो, बोलणे साठवता येत नाही. कॉलमध्ये साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी आवाजाचे एक पॅकेट निघते. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना फोनची ओळख पहिल्यापासून तपासली गेली, तर मधले शब्द गेलेच. ही तपासणी झटपट उरकणारी 802.11 आर ही सोय त्यासाठीच आहे. जुने फोन तिच्यामुळे अडत नाहीत ना, एवढे आधी पाहावे. आवाजाला अग्रक्रम देणारी डब्ल्यूएमएम सेटिंग बहुतेक ठिकाणी चालू असते, पण पॉइंटमागचा नेटवर्क स्विच तो अग्रक्रम पाळत नसेल तर गर्दीत तिचा उपयोग अर्धाच. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. 2018 मध्ये आपल्याकडे 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला. कॉल तिकडे न्यावेत, आणि वेगाच्या मोहात 80 मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल न घेता 20 वरच थांबावे.

निविदेत मात्र वेगाचे, म्हणजे एमबीपीएसचेच आकडे असतात. त्यात आणखी एक अट हवी: बिल देण्याआधी कॉल चालू ठेवून वॉर्ड, जिना, लिफ्ट, ओपीडी अशी फेरी मारायची, तीही सकाळच्या गर्दीत. रविवारी रिकाम्या इमारतीत घेतलेली चाचणी धरू नये.