एका दिवसाचं बेट आणि शेवटची बोट

सहलीवरून घरी आले, आंघोळ केली आणि आईला मोबाइलमधले फोटो दाखवत बसले. गेट वे ऑफ इंडिया झालं, बोटीमागे उडणारे सीगल झाले, बोटीच्या कठड्याला टेकून केस उडवणारी मी झाले. आई सगळं कौतुकानं बघत होती. मग तिनं एक फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एवढंच विचारलं, "हे वर छताला लटकलेलं केशरी काय आहे गं?"

"लाइफ जॅकेट्स."

"मग ती तुमच्या अंगावर का नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर बोटीवर आमच्यापैकी कुणाला तो प्रश्नच पडला नव्हता. सरांना नाही, आम्हाला नाही आणि बोटवाल्यांनीही काही सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत, १८ डिसेंबर २०२४ ला, त्याच मार्गावर 'नीलकमल' बोट बुडाली. टीव्हीवर ती बातमी सुरू होती तेव्हा आई काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

आता पुन्हा सहलींचा सीझन आलाय. माझा धाकटा भाऊ एसवायला आहे. त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवर "यंदा कोकण, यंदा बेट" सुरू झालंय. म्हणून हा लेख. "जाऊ नका" सांगण्यासाठी नाही. जाच. पण आपण खान्देशची मुलं समुद्रावर जातो तेव्हा नेमकं काय चुकतं, ते जरा बघू.

आपल्याला समुद्राचं एवढं वेड का?

साधं आहे, आपल्याकडे तो नाही. जळगावकरांना मेहरूण तलाव, धुळेकरांना पांझरेचा काठ आणि लळिंगचा किल्ला. अजिंठा तर आपल्या उंबऱ्यावर. शाळेत असताना प्रत्येकाची निदान एक सहल तिथं झालेली असते. त्यामुळे कॉलेजात आल्यावर पहिली मागणी समुद्राची. त्यात रील्सनी भर घातली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे फोटो आले आणि देशभर बेटांची लाट आली. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि खर्च आपल्या खिशाबाहेरचा. मग घारापुरी, जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग, अलिबागचा कुलाबा ही आपली बेटं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपल्या शेजारच्या बागलाणातला साल्हेर आहे, तसेच खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले किल्लेही आहेत. म्हणजे गर्दी वाढणार, हे नक्की.

गणित वेळेचं, धोका त्यातच

आपल्या सहलीचं वेळापत्रक आठवा. रात्रीची रेल्वे, डब्यात दशम्या, ठेचा, शेव, अंताक्षरी, झोप जवळपास शून्य. पहाटे मुंबई. एखाद्या हॉलवर तोंड धुवायचं आणि नऊ-दहापर्यंत गेट वे. तिथून घारापुरी बोटीनं तासाभराचा रस्ता. जेट्टीवरून चालत किंवा छोट्या गाडीनं पायथा, मग शंभरावर पायऱ्या, लेणी. त्रिमूर्तीसमोर ग्रुप फोटो. जमलं तर तोफांच्या टेकडीपर्यंत चाल. परत जेट्टी, परत बोट, मरीन ड्राइव्ह, रात्रीची रेल्वे. हे सगळं एका दिवसात, कारण मुक्काम परवडत नाही.

यात एकही तास मोकळा नाही. रेल्वे लेट झाली की पुढचं सगळं सरकतं. मग "ही बोट भरलीय, पुढची घेऊ" असं कुणी म्हणत नाही. "चला चला, होतील सगळे" म्हणतात. परतताना तर बेटावरचे सगळे एकदमच निघतात, कारण प्रत्येकाला शेवटच्या बोटीची भीती असते. दमलेली पोरं, घाईतले सर आणि भरलेली बोट. दिवसाच्या सहलीचा धोका या घाईत असतो.

नीलकमलबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ती बोट गर्दीमुळे बुडाली नाही. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून तिच्यावर आदळली. त्यात प्रवाशांची काहीच चूक नव्हती. पण धडकेनंतर काय झालं, तेही महत्त्वाचं आहे. परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची. बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. १५ जीव गेले. अपघात तुमच्या हातात नसतो. तो होईल त्या मिनिटाला तुमच्या अंगावर जॅकेट असणं मात्र तुमच्या हातात असतं. पाणी आत यायला लागल्यावर छताची गाठ सोडायला वेळ मिळत नाही. या दुर्घटनेनंतर गेट वेवर जॅकेट सक्तीचं झालं. ते किती दिवस टिकतं, हे आपण घालतो की नाही यावर ठरणार.

विहीर आणि समुद्र

आपल्याकडची बरीच मुलं पोहण्यात पटाईत. मळ्यातल्या विहिरीत काठावरून सूर मारणारे माझ्या वर्गातही चार-पाच जण होते. "आपल्याला काय भो, पोहता येतं!" हा आत्मविश्वासच घात करतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, तुम्हाला ओढून नेत नाही. समुद्राचं पाणी चालतं. किनाऱ्यावर आलेल्या लाटा परत जाताना कुठेतरी एक अरुंद वाट शोधतात आणि त्या वाटेनं पाणी जोरात आत जातं. गंमत म्हणजे तिथं लाटा कमी फुटतात, त्यामुळे बघणाऱ्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत त्या वाटेच्या बाहेर पडायचं, मग आत यायचं.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. तीही सहलच होती, तीही आपल्याच वयाची मुलं. त्यानंतर सूचना निघाल्या, परिपत्रकं आली. आपल्याकडची पद्धत अशी की अपघात झाला की सहलींवर बंधनं येतात, दोन वर्षांनी सगळे विसरतात आणि मधल्या काळात समुद्राबद्दल कुणी काहीच शिकवत नाही. बंदीमुळे मुलं जायची थांबत नाहीत. कॉलेजनं नेलं नाही तर चार मित्र गाडी काढून जातात, आणि मग सोबत सरही नसतात.

पंचांगातली भरती

भरती-ओहोटी कळायला हवामान खात्यात नोकरी लागत नाही. कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. त्याच्या आधी-नंतर साधारण सव्वासहा तासांवर ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे वेळ थोडी बदलते. पण घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, त्यामुळे आईसुद्धा हे गणित करू शकते. माझ्या आईनं केलंही.

आता हे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून बघा. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, रील्समध्ये तेच दिसतं. चतुर्थीला ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास. मुंबईहून निघालेला आपला ग्रुप तिथं पोचणार अकरा-बाराला. तोपर्यंत पाणी परत भरायला लागलेलं. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेएवढं होतं, ते असं. आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी, त्यामुळे ओहोटीलाही वाट पुरती मोकळी होईलच असं नाही. म्हणून शेवटचा शब्द तिथल्या कोळ्याचा. तो "आता नको" म्हणाला की विषय संपला.

बेट कुणाचं?

आणखी एक गोष्ट, जी आम्ही त्या सहलीत बघितलीच नाही. घारापुरीवर माणसं राहतात. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना या गावांना कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. आम्ही तिथं तीन-साडेतीन तास होतो. लेणी बघितली, माकडांनी एकीचं वेफर्सचं पाकीट पळवलं, आम्ही हसलो आणि निघालो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथंच राहिल्या. एका दिवसाचा पर्यटक खर्च कमी करतो आणि कचरा जास्त. सकाळी आलेलं सगळं पाणी, सगळं प्लास्टिक बेटावर येतं बोटीनंच, पण परत जाताना ते बोटीत बसवायची घाई कुणालाच नसते.

थायलंडनं याचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. एका हॉलीवूड सिनेमामुळे तिथला माया बे हा किनारा जगभर गाजला. रोज हजारो लोक यायला लागले, प्रवाळ मेलं. २०१८ मध्ये सरकारनं तो किनारा बंदच केला. २०२२ मध्ये उघडला तो माणसांची मर्यादा घालून, आणि बोटींना खाडीत बंदी करून. धंदा बुडाला नाही, शिस्त आली. आपल्याकडे बोटीवर आकडा लिहिलेला असतो. तो मोजण्याची सवय तेवढी लागायचीय.

मग करायचं काय?

कॉलेजनं तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. एक, सहलीआधी अर्धा तास समुद्राचा तास घ्यायचा. एनसीसी, एनएसएस आहेतच, त्यांच्याकडे द्या. दोन, वेळापत्रकात दोन तास रिकामे ठेवायचे, म्हणजे भरलेली बोट सोडून देता येते. जळगाव आणि धुळ्याच्या ग्रुपनं पाचऐवजी तीनच ठिकाणं बघितली तर काही बिघडत नाही. तीन, मुलांची मोजणी बोटीत चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा.

आणि आपण? बोटीत बसल्याबरोबर जॅकेट मागायचं. घालायचं. बक्कल लावायचं. फोटो खराब दिसतो, मान्य. बोट भरलेली दिसली तर मोठ्यानं बोलायचं, लाजायचं नाही. समुद्रात शिरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं. आणि नेलेली बाटली परत आणायची.

परवा भावानं ग्रुपवरचा सहलीचा कागद आईला दाखवला. आईनं तारीख बघितली, उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "जा. पण फोटो बोटीतलाच पाठव, केशरी जॅकेट घातलेला." भाऊ माझ्याकडे बघून कुरकुरला, "ताई, हे सगळं तुझ्यामुळे." मी म्हटलं, हो, माझ्यामुळेच.