डोळ्यातला थेंब आणि छातीतली धाप

काचबिंदूसाठी आजोबांना टिमोलॉलचे थेंब सुरू होतात आणि काही दिवसांत धाप लागू लागते. दमा जुनाच, त्यामुळे घरातले खापर फोडतात ते हवेवर, धुळीवर, नाहीतर वयावर. थेंबांवर संशय कोण घेणार? ते तर डोळ्यात पडतात!

पण तिथे राहत नाहीत. डोळ्यात न मावलेलं औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथून रक्तात. गोळीच्या रूपात पोटातून गेलं असतं, तर यकृताने त्याचा बराच भाग आधीच निकामी केला असता. थेंबाला तो अडथळाच नाही.

आता छातीशी त्याचं काय वैर? अ‍ॅड्रिनलीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन ज्या रिसेप्टरांमार्फत काम करतात, त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८मध्ये मांडले. त्या मांडणीच्या आधारावर जेम्स ब्लॅक यांनी बीटा रिसेप्टर अडवून हृदयाला विसावा देणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं. १९८८च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा. दम्याच्या रुग्णांना मात्र ते बाधायचं. १९६७मध्ये लँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटाचेही दोन प्रकार दाखवले, तेव्हा कोडं बरंचसं उलगडलं. हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकांत बीटा-२. सख्खे भाऊच हे. एकाला हाक मारली की दुसराही ओ देतो.

प्रोप्रॅनोलॉलसारखंच टिमोलॉलही दोघांना अडवतं. श्वासनलिका सैल ठेवणारा बीटा-२ अडला, म्हणून त्या आवळतात. वर पंचाईत अशी, की घाईने घेतलेल्या दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल ज्या बीटा-२वर बसायचं, ती जागा टिमोलॉलने आधीच धरलेली. पंप नेहमीइतका लागू पडत नाही.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा-१कडे झुकणारी औषधं. त्यांना ‘हृदयापुरती’ म्हणणं मला धाडसाचं वाटतं. झुकाव कमी मात्रेत दिसतो; मात्रा वाढली की तीही बीटा-२पर्यंत पोहोचतात. आणि निवड अचूक साधली तरी रिसेप्टर काही एकाच अवयवात नसतो. पंपानंतर हात थरथरतात, कारण हातापायांच्या स्नायूंतही बीटा-२च असतात.

माझी तक्रार साधी आहे. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नात पंपही येत नाही आणि थेंबही नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरवर ‘दमा आहे का?’ हे छापीलच असावं, आणि छातीच्या डॉक्टरांनी थेंबांची बाटली दाखवायला सांगावी. काचबिंदूवर लॅटॅनोप्रोस्टसारखी वेगळ्या घराण्यातली औषधं आहेत. थेंब परस्पर बंद मात्र करू नयेत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आणि कुठलाही थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरला, तर नाकात उतरणारं औषध बरंच कमी होतं. हे रुग्णाला करून दाखवायला वेळ तो किती लागणार?