दाराची कड घांसण्यापूर्वीं

आमच्या एका वर्गणीदारांचें काळजीनें भरलेलें पत्र आलें आहे. त्यांच्या आजोबांची १९२९ सालची शेव्हरोले, कापडी टपाची व चार दारांची, घरांतील चुलत्यापुतण्यांनीं दोन वर्षे खपून पुन्हां उभी केली. लांकूडकाम झालें, पत्रा झाला, रंगहि चढला. आणि बॉडी चासीवर ठेवतांच पुढचें एक दार लागेनासें झालें! आतां रंगारी म्हणतो कीं, दाराची कड कानशीनें घांसून देतों. धाकटे बंधु त्यास अनुकूल आहेत, वडील नाहींत. निवाडा आमच्याकडे सोंपविला आहे.

आम्ही वडिलांच्या बाजूचे आहों. कानस एकदां फिरली कीं घांसलेला पत्रा परत येत नाहीं. शिवाय दोष दारांत नसून बहुधा दाराखालीं असतो.

त्या काळीं अमेरिकेंत शेव्हरोलेच्या बॉड्या फिशर कंपनी बनवीत असे. आंत लांकडी सांगाडा व त्यावर पत्रा. अशी बॉडी स्वतःच्या बळावर ताठ राहत नाहीं. खालची चासी जशी वांकेल तशी ती वांकते, आणि वर छप्पर नसेल तर अधिकच. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, तेथें नव्या चासीवर नवी बॉडी बसविणें हें नित्याचें काम होतें. जुन्या जोडीचें तसें नाहीं. नव्वद वर्षांहून अधिक काळ दोघींनीं निरनिराळे हाल सोसलेले असतात.

म्हणून प्रथम चासी तपासावी. बॉडी पुन्हां उतरवावी लागेल, याचा कंटाळा करूं नये; मात्र उचलण्यापूर्वीं दारांच्या मोकळ्या जागेंत आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकून ती बांधून घ्यावी, नाहींतर उचलतांनाच ती पिळवटेल. चासी चार घोड्यांवर पाणसळीनें समपातळींत ठेवावी, आणि डाव्या पुढच्या भोंकापासून उजव्या मागच्या भोंकापर्यंत व त्याच्या उलट असे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे नसतील तर चासी तिरकी झाली आहे, आणि तो इलाज लोहाराकडे आहे, रंगाऱ्याकडे नव्हे. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांलगत सूत ताणून मध्यें झोळ आहे काय तें पाहावें.

चासी निर्दोष ठरली म्हणजे तिला चाकांवर घ्यावी, आणि इंजिन, गिअरबॉक्स व रेडिएटर जागेवर बसवावे. पुष्कळ लोक येथेंच चुकतात. रिकाम्या चासीवर बेतलेली दारें इंजिनाचें वजन पडतांच पुन्हां रुसतात. त्यानंतर बॉडी ठेवून सर्व बोल्ट बोटांनीं फिरतील इतकेच लावावे, आणि प्रत्येकाखालीं रबराची किंवा जाड कॅनव्हासची चकती घालावी. लोखंडावर लोखंड बसलें तर गाडी जन्मभर कुरकुरेल. आधीं बॉडी मध्यावर आणावी. बॉनेट दोन्ही बाजूंनीं सारखें बसूं लागलें म्हणजे तें साधलें.

आतां दार. तें बंद करण्याच्या आधीं अर्धवट उघडें ठेवून कुलपाकडच्या टोकाला हातानें वर उचलून पाहावें. तें हललें तर बिजागरीची खीळ झिजली आहे. ती बदलावी, बाकी कांहीं करूं नये. तें न हलतां कुलपाकडची बाजू खालीं आलेली असेल, आणि बिजागरी पुढच्या खांबास असेल, तर त्या खांबाखालच्या बोल्टाशीं पातळ पत्र्याची चकती घालावी. कारागीर तिला शिम म्हणतात. खांब वर आला कीं दाराचें दुसरें टोकहि वर येतें. फट वरच्या बाजूस अरुंद व खालीं रुंद दिसत असेल तर बॉडी मध्यें बसली आहे, तेव्हां शिम दारांखालच्या मधल्या बोल्टांशीं द्यावी. उलट असेल तर ती पहिल्या व शेवटच्या बोल्टाशीं जाते. अर्ध्या सुताची चकतीसुद्धां दाराच्या टोकाशीं आश्चर्य वाटेल इतका फरक करते, म्हणून एका वेळीं एकच घालावी.

बोल्ट आवळतांना एक आवळावा, चारी दारें लावून पाहावीं, मग दुसरा. यांत एक दिवस जाईल, जाऊं द्यावा. बोल्ट भोंकांत उतरत नाहीं म्हणून नवें भोंक पाडण्याचा मोह होतो, तो विशेषेंकरून टाळावा. जुनीं भोंकें हींच बॉडीची खरी जागा सांगणारी साक्ष आहे. तीं जुळत नसतील तर बॉडी किंवा चासी, दोहोंपैकीं एक अजून वांकडी आहे.

हें सारें रंगापूर्वीं झालें असतें तर बरें होतें, पण रंग चढला म्हणून कांहीं बिघडलें नाहीं. दारांच्या कडांस कापडी पट्टी चिकटवून काम करावें. गाडी दोनचार वेळां फिरवून आणल्यावर चकत्या दबतात, तेव्हां सर्व बोल्ट पुन्हां एकदां आवळून घ्यावे, आणि कांचा व गाद्या त्यानंतर बसवाव्या.