नकार ही पळवाट ठरू नये

12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांना एका भरधाव मोटारीने चिरडले. 7 जणांचा बळी गेला. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळला होता. तरीही सत्र न्यायालयाने त्याला अवघ्या 6 महिन्यांची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती 3 वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये ती कायम केली. पुरावा हाती असतानाही न्यायाला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. मग पुरावाच मिळू दिला नाही तर?

रक्तातील मद्यांश तासागणिक उतरत जातो. म्हणूनच 1988 च्या मोटार वाहन कायद्याने पोलिसांना श्वासचाचणीचा अधिकार दिला आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कारावास, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

'यंत्रात फुंकलेच नाही, तर गुन्हा सिद्ध कसा होणार?' असा चतुर सल्ला सुशिक्षितांच्या बैठकीतही दिला जातो. तो फसवा आहे. मद्यपानाचा सबळ संशय असताना चाचणी नाकारणाऱ्यास पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात. शिवाय कलम 205 नुसार, सबळ कारणाविना दिलेला नकार न्यायालय आरोपाला पुष्टी देणारा मानू शकते.

मात्र कायद्यात उणीव आहेच. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला सोडून द्यावे लागते. सामान्य माणसाच्या हिताची ही तरतूद. पण ओळखीपाळखी असलेल्यांच्या बाबतीत हेच दोन तास फोनाफोनीत खर्ची पडण्याचा धोका असतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाविना चाचणी नाकारणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे नकार केवळ पुराव्याला पूरक ठरतो. संसदेने ही त्रुटी दूर करून नकारालाही मद्यपी चालकाइतकीच शिक्षा ठरवावी. एक मद्यपी सुटतो याचेच केवळ दुःख नाही, काळ सोकावतो.

परंतु सारा भार कायद्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. समारंभातून परतणाऱ्या आप्ताच्या हातून गाडीची किल्ली काढून घेण्यासाठी कोणत्याही कलमाची गरज नसते. मुलगा पकडला गेल्यावर ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावण्याऐवजी 'चाचणी दे' असे त्याला बजावणारा पिता हाच खरा कायद्याचा रक्षक होय. हा संस्कार घरातच व्हावा लागेल. पदपथावर झोपणाऱ्याचे प्राण त्यावरच अवलंबून आहेत.